मोज्यातली कुसळं

रविवारची दुपार. जेवण अंमळ जास्त झालेलं, घरातले सगळे आडवे. मी बाल्कनीत मांडीवर एक मोजा उलटा करून बसले आहे. मोजा दोनदा धुतलाय. एकदा मशीनमध्ये, एकदा हातानं. तरी कुसळं आहेत ती आहेतच. चिमट्यानं एकेक काढून स्टीलच्या वाटीत टाकते आहे. मघाशी नवरा येऊन वाटीत डोकावून गेला. त्याला जिरं वाटलं.

गेल्या रविवारी आम्ही गौताळ्याच्या अभयारण्यात पळून आलो. आम्ही म्हणजे संभाजीनगरातले सात-आठ जण. पैकी पन्नाशीला टेकलेले दोघं, त्यातली एक मी. याला ट्रेल रनिंग म्हणतात. म्हणजे डांबरी रस्ता सोडून डोंगरातल्या पायवाटेनं पळायचं, धडपडायचं आणि परत आल्यावर पोहे खाताना एकमेकांना खरचटलेलं दाखवायचं. वनखात्याची रीतसर परवानगी होती, गेटवर पावती फाडली, सोबत त्यांचा एक माणूस होता. त्यानं सुरुवातीलाच आम्हाला गोल उभं करून बजावलं, "बिबट्या दिसला, अस्वल दिसलं, तर पळायचं नाही." खास पळायलाच आलेले आम्ही सगळे बुटांच्या चर्चा थांबवून गंभीरपणे माना डोलावत होतो. हसलं कुणीच नाही. मला आत्ता हसू येतंय.

माझी भाची मुंबईला असते. ती दर शनिवारी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात पळते आणि धुक्याचे फोटो पाठवते. मागं एकदा तिनं विचारलं होतं, "मावशी, तुमच्याकडं नॅशनल पार्क नाही का गं?" नाही बाई. महाराष्ट्रात सहा आहेत. ताडोबा, पेंच, नवेगाव, गुगामल, चांदोली आणि तुझं बोरिवलीचं. मराठवाड्याच्या वाट्याला एकही नाही. आमच्याकडं राष्ट्रीय म्हणावं असं जे काही आहे ते महामार्ग. पण अभयारण्य आहे, आणि ते 260 चौरस किलोमीटरांचं आहे, म्हणजे बोरिवलीच्या अडीचपट. हे मी तिला लगेच कळवलं. तिनं अंगठा पाठवला.

गौताळ्याचं पूर्ण नाव गौताळा औट्रमघाट अभयारण्य. कुणा आउट्रम नावाच्या इंग्रज साहेबाचं नाव घाटाला चिकटलंय. खानदेशात भिल्लांची पलटण उभी करणारा तो. आमच्या गावात हे नाव मी कधी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. कन्नडचा घाट, बस्स. घाटमाथ्यावर आमचा मराठवाडा संपतो आणि खाली एकदम खानदेश उघडतो, चाळीसगावपर्यंत. माथ्यावरून पाहिलं की वाटतं, कुणीतरी भाकरीचा कडेचा तुकडा मोडून घेतलाय.

नोव्हेंबरात गौताळ्यात गवत छातीला लागतं आणि सगळं पिवळं झालेलं असतं. वाट त्यातून जाते म्हणजे जाते असं समजायचं. खाली मुरूम, मुरमात गोटे, गोट्यांवर वाळलेलं गवत, त्यामुळं पाय कशावर पडणार हे पायालाच कळतं, डोळ्यांना नाही. मधे सालईची झाडं. त्यांची साल कागदासारखी सुटून लोंबत असते, आणि थांबून एक तुकडा ओढायचा मोह मला पन्नासाव्या वर्षीही आवरत नाही. आमच्यातले तरुण घड्याळाकडं बघत पळतात. पेस किती, चढ किती झाला, हृदयाचे ठोके किती. मी घड्याळ घालते पण बघत नाही. आणि कानात गाणी घालून जंगलात पळणाऱ्यांचं मला काही सांगू नका. बिबट्यानं मागून 'एक्सक्यूज मी' म्हटलं तरी यांना कळायचं नाही.

परतीला आम्ही हद्दीबाहेरच्या शेतांतून आलो. कापसाची वेचणी चालली होती. ओटीत कापूस भरलेल्या चार-पाच बाया सरळ उभ्या राहून आमच्याकडं बघायला लागल्या. पुढची पोरं भुर्रकन गेली. मी मागं, धापा टाकत. एक म्हातारी बांधापर्यंत आली. चेहरा काळजीचा.

"काहून पळायल्या गं बाय? कोनी गेलं का?"

"नाही नाही," म्हटलं. "सहज."

"सहज?" तिनं मागं वळून बाकीच्यांना सांगितलं, "सहज पळायल्यात म्हने." त्यावर जे हसणं झालं ते माझ्या मागं बराच वेळ येत राहिलं.

तिचं काय चुकलं? आमच्या भागात मोठं माणूस विनाकारण पळत नाही. पळतं ते गाय सुटली म्हणून, गंजी पेटली म्हणून, एसटी निघाली म्हणून, नाहीतर कुणी गेलं म्हणून. यातलं एकही कारण माझ्या चेहऱ्यावर तिला दिसेना, म्हणून बिचारीनं सगळ्यात वाईट आधी विचारून घेतलं.

हं, तर कुसळं.

हे काढायचं एक तंत्र आहे, आणि ते मला माझ्या आजीनं शिकवलं. तिला आम्ही मोठी माय म्हणायचो. दिवाळीनंतर ती डोंगरातून गवत आणायची. पहाटे विळा घेऊन जायची आणि उन्हं वर यायच्या आत भारा घेऊन उतरायची. तिच्या नऊवारीच्या ओच्याला, काष्ट्याला, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत नुसती कुसळं. ओसरीवर बसून ती लुगड्याचा काठ माझ्यापुढं धरायची. माझी बोटं बारीक म्हणून ते काम माझं. मी शेपटीला धरून उपसायला जायची, आणि शेपटी हातात यायची, टोक कापडात राहायचं. त्याला मागं वळलेले बारीक केस असतात, माशाच्या गळासारखे. तेव्हा ती म्हणायची, "आलं तिकडून नको वढू. चाललं तिकडून वढ." मग कापड उलटं करायचं, आतून टोक पकडायचं आणि त्याला जायचंय तिकडंच जाऊ द्यायचं. सुळकन येतं. मोजासुद्धा मी उलटा केलाय तो त्यामुळंच.

आणखी एक गंमत तिनंच दाखवली होती. तळहातावर थुंकी लावायची, त्यावर एक कुसळ ठेवायचं आणि बघत राहायचं. थोड्या वेळानं ते आपोआप वळायला लागतं. शेपूट हळूहळू गोल फिरते, काट्यासारखी. "बग, घड्याळ," ती म्हणायची. पुढं शाळेत कळलं की त्या शेपटीला पीळ असतो. वाळली की पीळ बसतो, ओली झाली की सुटतो, आणि या उलटसुलट पिळण्यात बी जमिनीत स्वतःला गिरमिटासारखं घुसवून घेतं. माती काय, घामेजलेला मोजा काय, त्याला सारखंच. शाळेतलं हे ज्ञान मी घरी येऊन मोठ्या मायला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मंग? मी काय येगळं सांगितलं?"

मघाशी एक कुसळ तळहातावर ठेवून पाहिलं. वळतं अजून.

मोठी माय डोंगर उतरायची ती चालत नव्हे. तिची दुडकी चाल असायची. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर तिच्याहून लांब भारा, आणि खाली पाय बारीक बारीक टाकत, गुडघे किंचित वाकवून. मी एकदा विचारलं होतं, हळू का येत नाहीस. तर म्हणाली, भारा येऊ देतो का हळू? उतारावर भाराच माणसाला पुढं लोटतो. थांबायला गेलं की पडलंच. आमचा एक ट्रेनर आहे. तो उतारावर पळायचं शिकवतो. पावलं लहान ठेवा, गुडघे सैल ठेवा, नजर तीन पावलं पुढं. महिन्याचे बाराशे रुपये घेतो. चांगला मुलगा आहे, शिकवतोही मन लावून. मी काही बोलत नाही.

अर्ध्या वाटेत एक दगड होता. बाईच्या खांद्याइतका उंच, वरून सपाट. तिथं भारा डोक्यावरून नुसता सरकवून टेकवायचा, मान मोकळी करायची, पाणी प्यायचं आणि परत डोकं खाली घालून भारा उचलायचा. जमिनीवर ठेवला तर परत डोक्यावर कोण देणार? म्हणून बसायचं नाही, कधीच नाही. तो दगड कुणी तिथं आणून ठेवला होता की मुळातच होता, माहीत नाही. गेल्या रविवारी मी तो शोधला. दोन दगडांवर शंका आली. दोन्ही माझ्या छातीइतकेच भरले. मी उंच झालेय की चुकीचे दगड आहेत, ठरवता आलं नाही, आणि मागून "मॅडम, क्रॅम्प आला का?" म्हणून कुणीतरी विचारलं.

1986 साली अभयारण्य जाहीर झालं तेव्हा मी अकरा वर्षांची होते. मग गवतावर नजर आली, आरडाओरड झाली, मोठ्या मायनं काही दिवस शिव्या घातल्या आणि नंतर म्हैसच विकून टाकली. जंगल मात्र वाढलं, हे कबूल केलं पाहिजे. 2021 च्या मार्चमध्ये तिथं वाघ आला. यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्यातून तीनशेहून जास्त किलोमीटर चालत. त्याच टिपेश्वरचा आणखी एक वाघ त्याआधी दोन राज्यांतून तीन हजार किलोमीटर हिंडून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात जाऊन बसला होता. त्याच्या गळ्यात पट्टा होता म्हणून आकडा तरी कळला. आम्हा पळणाऱ्यांचं अंतर मोजणारं स्ट्रावा अ‍ॅपच म्हणायचं ते, एक प्रकारचं. आमच्यासोबतचा वनखात्याचा माणूस वाघाची गोष्ट सांगताना म्हणाला, "पळत नाय आला बरं का. चालत आला. रात्रीचा." हे त्यानं आमच्या बुटांकडं बघून म्हटलं, असा आमच्या ग्रुपचा दावा आहे.

वाटीत एक्केचाळीस झाली. ही मी कचऱ्यात टाकत नाही. कोथिंबिरीच्या कुंडीत टाकते. मागच्या वर्षीचं गवत त्यात दीड वीत उगवलं होतं. कोथिंबीर गेली. घरात बोलणी खाल्ली.

2009 च्या डिसेंबरात मी चाळीसगावला नोकरीला होते. सकाळी दहाला फोन आला की मोठी माय गेली. साडेअकराची एसटी मिळाली. घाटाची दोन वळणं चढलो आणि गाडी थांबली. वर कंटेनर आडवा झाला होता. पुढं ट्रक, मागं ट्रक. कंडक्टर म्हणाला, दोन तास तरी धरून चाला. खिडकीतून पायवाट दिसत होती. वळणं तोडत सरळ वर जाणारी, जुनी. लहानपणी त्या वाटेनं मी कितीदा गेले होते. माथ्यावर पोचायला तास, फार तर सव्वा तास. गाडीतून दोन पोरं आणि एक पटकेवाला म्हातारा उतरले आणि त्या वाटेला लागले. मी माझ्या पायांकडं बघितलं. टाचेच्या चपला होत्या. म्हटलं, निघेलच आता गाडी. म्हाताऱ्याचा पटका गवतात बराच वेळ दिसत होता. मधे नाहीसा व्हायचा, पुन्हा वरच्या वळणाला दिसायचा. मग दिसायचा थांबला.

गाडी चार तासांनी निघाली. घरी पोचले तेव्हा माणसं नदीवरून परत येऊन अंगणात हातपाय धूत होती. दिवस मावळायच्या आत उरकायचं म्हणून थांबले नव्हते. काका म्हणाले, "किती वाट बघायची बाई." बरोबरच होतं त्यांचं.

पळायला मी लागले ती त्यानंतर नऊ वर्षांनी, डॉक्टरांनी शुगरचा आकडा सांगितल्यावर.

ऊन कठड्यावरून सरकलंय. दुसऱ्या मोज्याला अजून हात लावलेला नाही.