पट्टा मागे पळतो, तरी विमान पुढे का जातं?

पुण्याच्या लोहगाव विमानतळाच्या अडीच किलोमीटर धावपट्टीच्या जागी तेवढाच लांब कन्व्हेअर बेल्ट टाकला आणि विमान जितक्या वेगाने पुढे जाईल तितक्याच वेगाने तो मागे पळवला, तर विमान उडेल का? टायर टिकले तर उडेल, आणि जवळपास नेहमीच्याच अंतरात. त्यामुळे पट्टा बसवून जागा वाचवायची कल्पनाही बाद.

घोळ होतो तो मोटारीच्या सवयीमुळे. मोटारीचं इंजिन चाकं फिरवतं, चाकं रस्त्याला मागे रेटतात. विमानाच्या चाकांना इंजिन जोडलेलंच नसतं; ती बेअरिंगवर मोकळी फिरतात. रेटा मिळतो तो हवा मागे फेकून. पट्ट्याच्या हाती उरतं फक्त चाकांचं घर्षण. 73 टनांच्या ए-320 या प्रवासी विमानासाठी घर्षणांक (घर्षण वजनाच्या किती पट, तो आकडा) 0.015 धरला तर ते सुमारे 11 किलोन्यूटन होतं. दोन इंजिनांचा मिळून रेटा 240 च्या आसपास.

अडचण येते टायरची. विमान ताशी 270 किमीला उचलत असेल तर चाकं 540 च्या हिशेबाने फिरतील, आणि या टायरची मर्यादा साधारण 360. त्यात लोहगाव समुद्रसपाटीपासून जवळपास 590 मीटरवर; विरळ हवेमुळे उचलायचा वेग मुंबईपेक्षा सुमारे 3 टक्के जास्तच लागतो. थोडक्यात, टायर आधी फुटणार. ताशी चाळीसेक किमीला उचलणाऱ्या अल्ट्रालाइटला, म्हणजे अगदी हलक्या छोट्या विमानाला, हा त्रास नाही. 2008 मध्ये ‘मिथबस्टर्स’ कार्यक्रमात असंच विमान मागे ओढल्या जाणाऱ्या ताडपत्रीवरून उडालं.

पटत नसेल तर ट्रेडमिल गाठा. एक किलोचं चाकांचं मॉडेल पट्ट्यावर ठेवा, नाकाला दोरा बांधून तो समोर अडकवलेल्या 100 ग्रॅमच्या स्प्रिंग काट्याला जोडा. दोरा पट्ट्याला समांतर हवा, नाहीतर काटा वजनही मोजतो. पट्टा ताशी 4 किमीवर, मग 8 वर चालवा. वेग दुप्पट, काटा मात्र जवळपास जागच्या जागी. आकडा फारच मोठा आला तर आसाची तार प्लास्टिकच्या चाकात घासत असते. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरतो. मॉडेल कडेला सरकत असेल तर चाकं तिरकी आहेत.

पट्टा सुरू होताना मात्र काट्याला हिसका बसतो, तो नीट पाहा. चाकं गरगरायला लागताना त्यांचं जडत्व आड येतं. “पट्टा विमानाच्या नव्हे, चाकाच्या वेगाशी जुळवला तर?” या आडमुठ्या प्रश्नाचं उत्तर या हिसक्यात आहे. विमान जागेवर धरायचं तर पट्ट्याचा वेग सतत वाढवत राहावा लागेल. सगळ्या चाकांचं जडत्व परिघावरच्या 500 किलोइतकं धरलं, तर ए-320 चा 240 किलोन्यूटनचा रेटा अडवायला दर सेकंदाला वेग 480 मीटर प्रति सेकंदाने वाढायला हवा. टायरची मर्यादा साधारण पाव सेकंदातच ओलांडली जाईल.