नदी, धरण, खाडी : चौघांत एक हंगाम

आम्ही चौघं मित्र मृग निघाला की नोंदवही उघडतो आणि पुढच्या मे महिन्यापर्यंत एकत्र गळ टाकतो. पावसाळा सरताना नीरा, दसऱ्यानंतर उजनीचा फुगवटा, थंडीपासून रेवदंडा आणि दाभोळकडच्या खाड्या, उन्हाळ्यात पुन्हा उजनी. घाटावरचा गळ खाली उतरला की गरी होतो आणि नायलॉनच्या दोरीला तंगूस म्हणतात. सामानाचंही तसंच आहे, पाणी बदललं की तेही बदलावं लागतं. नदीतली मांडणी खाडीत पहिल्या तासात तुटते, आणि खाडीचं जाड सामान धरणावर नेलं तर रोहू आमिषाला नुसतं तोंड लावून सोडून देतो.

प्रत्येकाने तीन-तीन संच घ्यायचे तर खर्च झेपत नाही. म्हणून आम्ही सामान सामाईक केलं. सात फुटी, १० ते ३० ग्रॅम वजन फेकणारे दोन रॉड आणि दहा फुटी, ४० ते १०० ग्रॅमचे दोन. हलक्यांना ३००० नंबरची रीळं, जडांना ५००० ची. प्रत्येक रिळाला एक जादा स्पूल (दोरी गुंडाळायची फिरकी) घेतला, आणि सगळी सोय त्या जादा स्पूलमुळेच झाली. हलक्या रिळाच्या एका स्पूलवर नदी-धरणासाठी ०.३० मिलिमीटरची मोनो, म्हणजे एकपदरी नायलॉनची दोरी, आणि दुसऱ्यावर वाळूच्या किनाऱ्यावरच्या मुडदुशी माशासाठी ०.२२ ची. जड रिळाच्या एका स्पूलवर ०.३५ ची मोनो, दुसऱ्यावर ३० पौंडी ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी.

ब्रेड भरताना स्पूलवर आधी आठ-दहा मीटर मोनो गुंडाळावी लागते. गुळगुळीत धातूवर थेट बांधलेली ब्रेड आख्खीच्या आख्खी गोल फिरत राहते. मासा ओढतो, रीळ आपण फिरवतो, आणि दोरी काही आत येत नाही. नवशिक्याला वाटतं रीळ बिघडलं. स्पूलच्या कडेपासून दोन मिलिमीटर रिकामं ठेवावं. काठोकाठ भरली की फेकताना वेटोळी एकदम सुटतात आणि मधेच गुंता होतो. गाठ आवळण्याआधी ती ओठांत धरून ओली करायची. कोरडी मोनो आवळताना घासून तापते आणि नेमकी तिथेच कमकुवत होते. तुटलेल्या दोरीचं टोक कुरळं झालेलं दिसलं तर बहुधा गाठ घसरलेली असते, खरखरीत दिसलं तर दगडाला घासलेलं. तुटलेलं टोक पाहिल्याशिवाय नवा गळ बांधू नये, असा आमचा नियम आहे.

ड्रॅग, म्हणजे मासा किती जोराने ओढला की स्पूल सुटावा ते ठरवणारा रिळाचा ब्रेक, हाताच्या अंदाजाने लावू नये. हुक असलेला छोटा वजनकाटा दोरीला अडकवून रॉड वाकवायचा आणि किती किलोला स्पूल सुटतो ते बघायचं. दोरीच्या ताकदीच्या पाव ते तिसरा हिस्सा बरोबर. ०.३० च्या मोनोला आम्ही दीड किलो ठेवतो, ३० पौंडी ब्रेडला साडेतीन.

पहिल्या पावसात आम्ही गळ टाकत नाही. चढणीचे मासे, रायगड-ठाण्याकडे ज्यांना वलगणीचे म्हणतात, ते या दिवसांत अंड्यांनी भरलेले असतात आणि ओढ्या-शेतांतून वर निघालेले असतात. पूर्वीपासून लोक ते धरत आलेत हे खरं, पण हौसेसाठी जाणाऱ्याने त्यांच्या वाटेत उभं राहू नये असं मला मनापासून वाटतं. नीरेवर आम्ही श्रावण सरताना जातो. पाणी चहाच्या रंगावरून उतरून ताकासारखं होतं तेव्हा शिंगाडा आणि वाम हे मासे आमिष खायला लागतात.

जागा निवडायची ती ओढा नदीला मिळतो तिथली. गढूळ आणि निवळ पाण्याची रेघ स्पष्ट दिसते. शिंगाडा त्या रेघेच्या गढूळ बाजूला, तळाशी असतो. मांडणी सरकत्या शिशाची : मुख्य दोरीत २० ते ३० ग्रॅमचं भोकाचं शिसं, मग एक मणी, मग स्विव्हल (फिरती कडी), त्याच्या पुढे दीड फूट दोरी आणि १ किंवा १/० चा गळ. मासा आमिष घेऊन निघाला तरी दोरी शिशातून सरकते, त्याला वजन जाणवत नाही. शिसं पक्कं बांधलं तर तो दोन वेळा टोचून बघतो आणि थुंकतो. आमिषाला गांडूळ किंवा कोंबडीचं आतडं. आतडं गळावर तसंच लावलं तर प्रवाहात निसटतं. शिवणकामाच्या बारीक इलॅस्टिक धाग्याचे सात-आठ वेढे दिले की टिकतं. गांडुळं प्लॅस्टिकच्या बंद डब्यात लवकर मरतात. मडक्यात ओलसर माती, वाळका पाला आणि वरून ओलं गोणपाट, एवढ्यावर ती चार दिवस जिवंत राहतात.

वाम रात्री लागते आणि लागल्याबरोबर शेपटीने दगडाला विळखा घालते. तिला सैल दिली की संपलं, पहिल्या दोन सेकंदांत तळापासून उचलावीच लागते. तिच्या पाठीवर काट्यांची रांग असते, म्हणून धरायची ती सुती फडक्याने. शिंगाड्याच्या पाठीवरचा आणि कल्ल्यांमागचे दोन्ही काटे करवतीसारखे असतात, हात डोक्यामागून, त्या काट्यांच्या मागे घालावा.

वीर धरणाच्या खाली असताना विसर्गाची बातमी सकाळी बघितल्याशिवाय निघायचं नाही. तरीही पाण्याच्या कडेला खूण केलेली काठी रोवून ठेवतो. पंधरा मिनिटांत पाणी दोन बोटं चढलं तर सामान उचलायचं, लागलेला मासा असला तरी.

महसीर चुकून लागला तर हात ओले करून पाण्यातच गळ काढतो आणि प्रवाहाकडे तोंड करून तो स्वतः निघेपर्यंत धरून ठेवतो. देहूची इंद्रायणी, महाडजवळचं वाळणकोंड, वाड्याजवळचं तिळसे, इथले मासे लोकांनी देवाचे म्हणून राखले आहेत. तिथे गळ बॅगेतूनसुद्धा काढत नाही.

धरणावर पहिली गोष्ट परवानगी. जलाशयातला मासेमारीचा हक्क बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेकडे किंवा ठेकेदाराकडे असतो. काठावरच्या कुणालाही विचारलं की माणूस कळतो. परवानगी मागताना जाळी कुठे लावलीत तेही विचारून घ्यावं. जाळ्याच्या बोयांवरून गळ फेकला की त्यांचं जाळं फाटतं आणि पुढच्या वेळी आपल्याला काठ मिळत नाही.

रोहू, मृगळ आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) यांच्यासाठी चारा आदल्या रात्री भिजवतो : शेंगदाणा पेंड अर्धा किलो, गव्हाचा कोंडा अर्धा किलो, मक्याचा भरडा पाव किलो, गूळ ५० ग्रॅम. पाणी इतकंच की मुठीत दाबलं तर गोळा व्हावा आणि पाण्यात पडल्यावर दोन मिनिटांत सुटावा. संत्र्याएवढे आठ गोळे सुरुवातीला, नंतर दर अर्ध्या तासाने दोन. उत्साहात सगळी बादली ओतली तर मासे चाऱ्यावरच पोट भरतात.

गळावरची कणीक वेगळी. शंभर ग्रॅम गव्हाचं पीठ, पन्नास ग्रॅम मैदा, दोन चमचे भाजलेली पेंड, आणि चिमूटभर पिंजलेला कापूस. कापसाचे तंतू पिठात मळताना एकसारखे पसरले पाहिजेत, गुठळी राहिली तर गळाचं टोक तिच्यात रुतून बसतं. मळून झालेला गोळा ओढून बघायचा. तुटताना बारीक केसाळ तंतू दिसले म्हणजे जमली. अशी कणीक ६ नंबरच्या गळावर बोराएवढी लावली तर वीस मिनिटं टिकते, बिनकापसाची फेकतानाच उडून जाते.

खोली मोजल्याशिवाय बोया लावू नये. गळाला शिशाचा तुकडा अडकवून टाकायचं आणि बोया जेमतेम टोक दाखवेल तोवर तो सरकवत राहायचा. मृगळ आणि सायप्रिनस तळाला, रोहू मधल्या पाण्यात, कटला त्याच्याही वर. चाऱ्यावर रोहूही खाली उतरतो, म्हणून आम्ही तळापासून चार बोटं वर सुरू करतो. वारा ज्या काठावर येऊन आदळतो तो काठ धरायचा. तोंडावर वारा घेऊन फेकणं त्रासाचं असतं, पण तरंगतं खाद्य तिकडेच साचतं. बोया थरथरत राहिला तर चिलापी, सावकाश आडवा झाला तर माशाने शिसं उचललंय, तेव्हा झटका द्यायचा. चिलापीचं तोंड लहान असतं, तिला १० नंबरचा गळ आणि मटाराएवढी कणीक. ही आफ्रिकेतून आलेली, मादी अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते, म्हणून इतकी फोफावली. ती कितीही घरी न्यावी. मोठा रोहू मात्र आम्ही माणशी एकच ठेवतो.

खाडीत घड्याळ तिथीचं चालतं. कोळ्यांचा हिशेब आम्ही तोंडपाठ केला : तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. जागेप्रमाणे अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे होतो, आणि खाडीत आत गेलं की भरती उशिरा पोचते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. उधाणाला पाणी इतकं पळतं की १०० ग्रॅमचं शिसंही ठरत नाही, भांगाला पाणी हलतच नाही. आमचे दिवस पंचमी ते सप्तमी. भरती दुपारी उशिरा पूर्ण होते आणि ओहोटीचे पहिले दोन तास तिन्हीसांजेला येतात. तेव्हा तिवरांतून पाणी चरांवाटे बाहेर पडायला लागतं, त्याबरोबर कोळंबी आणि बारकी मासळी निघते, आणि चराच्या तोंडाशी जिताडा उभा असतो.

आमिष जिवंत कोळंबीचं. तिच्या डोक्यावरच्या करवती शिंगाखाली कवचातून एक काळपट ठिपका दिसतो. गळ त्याच्या पुढून आडवा जायला हवा. ठिपक्यात टोचला तर कोळंबी तिथेच मरते, शेपटीत टोचला तर फेकताना गरगर फिरते आणि दोरीला पीळ बसतो. बरोबर लावलेली कोळंबी अर्धा तास पाय हलवत राहते. गळ ३/० चा, वर्तुळाकार. त्याला झटका द्यायचा नसतो, नुसतं सावकाश गुंडाळत ताण घ्यायचा, तो जबड्याच्या कोपऱ्यात आपोआप बसतो. नदीवरच्या सवयीने झटका मारला की गळ रिकामा येतो. ब्रेडपुढे तीन फूट ५० पौंडी मोनोचा लीडर हवाच, कारण जिताड्याच्या कल्ल्यांची कड पात्यासारखी असते, तिने उघडी ब्रेड एका घसाऱ्यात तुटते. त्याच कारणाने त्याला कल्ल्यात बोटं घालून उचलू नये. जिताडा आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो. मोठं जनावर सोडायला जिवावर येतं हे कबूल, पण मोठे सगळे उचलले तर खाडीत अंडी घालणारं कोण उरणार? आम्ही पाच किलोच्या वरचा सोडतो.

तांबोशी खडकात राहते आणि लागल्यावर बिळाकडे धाव घेते. तिला ड्रॅग साडेचार किलोपर्यंत घट्ट. खडकात शिसं अडकणारच, म्हणून गॅरेजमधले जुने स्पार्क प्लग आणतो आणि ते ०.२२ च्या दोरीच्या वीतभर तुकड्याने बांधतो. अडकलं तर तेवढाच तुकडा तुटतो, मासा आणि गळ हाती राहतात. खडकावर उतरण्याआधी पंधरा मिनिटं उभं राहून लाटा बघायच्या. साध्या लाटांमधून अधूनमधून एक मोठी येते, ती जिथवर भिजवते त्याच्या खाली उभं राहायचं नाही. सप्टेंबर संपेपर्यंत आम्ही खडकांकडे फिरकत नाही.

खाडीतल्या शेंगाळा माशाचा काटा विषारी असतो. टोचला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा-पाऊण तास हात बुडवून ठेवायचा, बर्फ लावायचा नाही. यासाठी थर्मास कायम बरोबर. दुखणं थांबलं नाही, काटा आत मोडला किंवा सूज चढली तर सरळ डॉक्टर. फुगणारा केंड आला तर गळ कापून सोडून द्यावा, त्याचं विष शिजवल्याने जात नाही.

खाडीहून परत आल्यावर, जेवायच्या आधी, ड्रॅग घट्ट करून रीळं नळाच्या हलक्या धारेखाली धुतो. जोराचा फवारा मीठ उलट आत ढकलतो. पुसून मग ड्रॅग सैल सोडायचा, नाहीतर आतल्या चकत्या चिकटतात. वापरलेला गळ डब्यात परत ठेवायचा नाही, एका ओल्या गळाने आख्खा कप्पा गंजतो.

मासळी काठावरच साफ करून बर्फात, उन्हाळ्यात मासळीइतकाच बर्फ. वाटणी आमच्याकडे अशी : चार ढीग लावायचे, एकाने पाठ फिरवून बसायचं, दुसऱ्याने ढिगावर बोट ठेवून “हा कुणाचा?” विचारायचं. पेट्रोल, बर्फ, परवानगी आणि तुटलेलं सामान यांचे चार समान भाग, गळ कुणाचा तुटला ते बघत नाही.

मे महिन्यात उजनी खाली जाते आणि पळसदेवचं बुडालेलं देऊळ उघडं पडतं. मरळीसाठी बेडकाच्या आकाराचा लूर (नकली आमिष) घेऊन तेव्हा जातो, पण पाण्यावर लालसर पिल्लांचा पुंजका दिसला तर तिथे फेकत नाही, खाली आई-बाप राखणीला असतात. निम्मा वेळ आम्ही कोरड्या पडलेल्या तळातून चालतो. जुने बांध, विहिरींचे कठडे, झाडांचे बुंधे, पूर्वीच्या नदीपात्राची कड, सगळ्यांचे फोटो काढतो आणि काठावरच्या एखाद्या पक्क्या खुणेपासून पावलं मोजून वहीत लिहितो. तारीख, तिथी, पाण्याचा रंग, खोली आणि आमिष यांच्या नोंदींमागे शेवटची चार पानं त्यासाठी कोरी सोडलेली असतात. दसऱ्यानंतर त्या बांधावर बारा फूट पाणी असतं, आणि पहिला चारा कुठे टाकायचा ते त्या पानांवरून ठरतं.