घर कॅल्गरीत, जीव एडमंटनमध्ये: ऑइलर्सच्या मागे दोन महिने

आईचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मे अर्धा सरला होता आणि माझी दाढी चांगली बोटभर वाढली होती. "अरे, कोण गेलं?" हाच तिचा पहिला प्रश्न. कोल्हापुरात एवढी दाढी म्हणजे सुतक, नाहीतर नवस. मग तिला सांगत बसलो की इथं कॅनडात आइस हॉकीचे प्लेऑफ, म्हणजे हंगामाअखेरचे बाद फेरीचे सामने, सुरू झाले की खेळाडू दाढीला वस्तरा लावत नाहीत, संघ बाहेर पडला की मगच दाढी करतात, आणि त्यांच्या नादानं आमच्यासारखेही. "म्हणजे नवसच की," असं म्हणून तिनं विषय संपवला. खरंच होतं.

ही गोष्ट 2024 ची. 22 एप्रिलला पहिला सामना, 24 जूनला शेवटचा. मधल्या दोन महिन्यांत माझा संघ, एडमंटन ऑइलर्स, 25 सामने खेळला. त्यातले तीन मी आत बसून पाहिले, पाच-सहा एडमंटनच्या रस्त्यावर उभं राहून, बाकीचे घरी सोफ्यावर. यंदा कुणाला आपल्या संघाच्या मागे असं फिरायचं असेल, तर माझे पैसे कुठं वाया गेले आणि कुठं वसूल झाले ते कळावं म्हणून हे लिहितोय.

आधी एक कबुली. मी राहतो कॅल्गरीत, म्हणजे ऑइलर्सच्या हाडवैरी फ्लेम्स संघाच्या गावात. कॅल्गरीत राहून ऑइलर्सची जर्सी घालणं म्हणजे कोल्हापूरच्या फुटबॉलमध्ये शिवाजी पेठेत राहून प्रतिस्पर्धी पाटाकडील तालमीचा झेंडा लावणं. शाहू स्टेडियमवर वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. पण मी शिकलो एडमंटनला, पहिला हिवाळा तिथं काढला, उणे 35 मध्ये बसची वाट पाहिली ती तिथं. नोकरीनं कॅल्गरीला आणलं, पण संघ काय नोकरीबरोबर बदलता येत नाही.

नवख्यांसाठी प्लेऑफचं गणित थोडक्यात. 16 संघ, चार फेऱ्या, प्रत्येक फेरीत जो आधी चार सामने जिंकेल तो पुढं. म्हणजे स्टॅनली कप या विजेतेपदाच्या करंडकासाठी 16 विजय लागतात. सामने 2-2-1-1-1 असे होतात: पहिले दोन वरच्या मानांकनाच्या संघाच्या घरी, पुढचे दोन दुसऱ्याच्या घरी, मग आलटून पालटून. प्रवासाला निघणाऱ्यानं एक गोष्ट डोक्यात पक्की बसवावी: पाचवा, सहावा आणि सातवा सामना 'लागला तर' होतो. वेळापत्रकात त्यांच्यापुढं फुली असते. त्या फुलीकडं मी दुर्लक्ष केलं. लॉस एंजेलिस किंग्जविरुद्धच्या पहिल्या फेरीत सातव्या सामन्यासाठी स्वस्तात मिळाली म्हणून हॉटेलची खोली घेतली, रद्द न होणारी. ऑइलर्सनी ती फेरी पाचातच संपवली. आनंदात 140 डॉलर बुडाले. न झालेल्या सामन्याच्या तिकिटाचे पैसे परत येतात, हॉटेलचे नाही. दहा-वीस डॉलर जास्त मोजा, पण रद्द करता येणारीच खोली घ्या.

पैसे मोजून आत जायचंच असेल तर माझं मत स्पष्ट आहे: पहिली फेरी. तिकीट आवाक्यात असतं आणि गर्दी महिनाभर उपाशी असल्यासारखी ओरडते. 22 एप्रिलला मी वरच्या मजल्यावर बसलो होतो. ऑइलर्सच्या झॅक हायमननं तीन गोल मारले, कर्णधार कॉनर मॅकडेव्हिडनं पाच गोलांना पास दिले, सामना 7-4. एकानं तीन गोल केले की लोक डोक्यावरच्या टोप्या बर्फावर फेकतात. माझ्या शेजारचे आजोबा दोन टोप्या घालून आले होते. एक फेकायची, एक घरी न्यायची. अनुभव म्हणतात तो हा. मी भाबडेपणानं बायकोनं दिलेली नवी टोपी फेकली आणि परतीच्या वाटेवर तीन तास तिला काय सांगायचं याचा विचार करत गाडी चालवली.

वरच्या मजल्याला नाक मुरडू नका. खाली काचेजवळ बसलं की धडका जोरात ऐकू येतात, पण लांबच्या टोकाला काय चाललंय ते दिसत नाही, आणि पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, तर नवख्याला दिसतच नाही. वरून पाचजण कसे सरकतात, मॅकडेव्हिड वेग घेण्याआधी कुठं वळसा मारतो, ते नकाशासारखं दिसतं. पहिल्यांदा जाणाऱ्यानं वरच बसावं. बाहेर उन्हाळा असला तरी आत गारवा असतो, जर्सीखाली काहीतरी घाला. तिकीट फोनवरच असतं, तेव्हा बॅटरी भरून न्या. मोठी सॅक गाडीतच सोडा.

कॅल्गरीहून एडमंटन साधारण 300 किलोमीटर, हायवे 2 सरळ उत्तरेला, तीन तास. बरोब्बर मध्यावर रेड डिअर, तिथं पेट्रोल, कॉफी आणि स्वच्छतागृह. गाडी नसेल तर रेड अॅरोची बस आहे. एप्रिलच्या शेवटीही या रस्त्यावर बर्फ पडू शकतो, तेव्हा हिवाळी टायर काढायची घाई नको. गाडी घेऊन थेट अरीनापाशी, म्हणजे ऑइलर्सच्या रॉजर्स प्लेस या मैदानापाशी, जाऊ नका. सामन्याच्या दिवशी तिथल्या पार्किंगचे दर ऐकून भूक मरते. दक्षिणेकडं कुठंतरी गाडी लावून एलआरटी, म्हणजे शहरातली हलकी रेल्वे, पकडा. मेट्रो लाइनचं मॅकइवन स्टेशन रॉजर्स प्लेसच्या अगदी शेजारी आहे.

मी उतरायचो एडमंटनच्या मिल वुड्स भागात, एका मित्राकडं. आम्ही त्याला आण्णा म्हणतो. पहिल्याच दिवशी दारात त्यानं विचारलं, "काय रं, कॅल्गरीचं पाणी पिऊन अजून ऑइलर्सच?" मित्र नसला तरी तुम्ही तिथंच उतरा. मिल वुड्स म्हणजे पंजाबी वाण्यांची दुकानं, मिठाई, पराठे, समोसे. 2023 च्या नोव्हेंबरात तिथून डाउनटाउनला जाणारी एलआरटीची व्हॅली लाइन सुरू झाली. शेवटच्या थांब्यावर, 102 स्ट्रीटला उतरलात की अरीना चालत दहा-एक मिनिटं. शाकाहारी असाल तर पुटिनच्या (तळलेले बटाट्याचे काप, चीज आणि वर ग्रेव्ही) ग्रेव्हीची चौकशी करूनच खा, ती बहुधा मांसाच्या रश्शाची असते. त्यापेक्षा एडमंटनचा खास पदार्थ म्हणजे ग्रीन ऑनियन केक. नावात केक, पण जात थालीपीठाची.

दुसरी फेरी व्हँकूव्हरशी, आणि इथं मी वेडेपणा केला. स्टुअर्ट स्किनर हा एडमंटनचाच पोरगा, तेव्हा ऑइलर्सचा गोलकीपर. चौथ्या-पाचव्या सामन्यात त्याला बाकावर बसवलं, सहाव्यात परत उभं केलं, ऑइलर्स 5-1 जिंकले आणि फेरी सातव्या सामन्यावर गेली. तो सामना आला 20 मे रोजी, व्हिक्टोरिया डेच्या सुट्टीला. सुट्टी आहे, विमान आहे, बायकोचं मौन आहे. गेलो. व्हँकूव्हर विमानतळावरून कॅनडा लाइन या मेट्रोनं अर्ध्या तासात डाउनटाउन. विमानतळावर काढलेल्या तिकिटावर पाच डॉलर जादा लागतात, चकित होऊ नका. तिथून स्कायट्रेननं स्टेडियम-चायनाटाउन, बाहेर पडलं की व्हँकूव्हरचं मैदान, रॉजर्स अरीना. हो, तिकडं रॉजर्स अरीना आणि इकडं रॉजर्स प्लेस. टॅक्सीत बसल्यावर नाव नीट सांगा एवढंच.

परक्या मैदानात नारिंगी जर्सी घालून बसायचं धाडस करावं का? करावं, पण बसल्या जागी. निळ्या-हिरव्या गर्दीत मी एकटाच. पहिला गोल झाला तेव्हा उठलो. 3-0 झालं तेव्हा बसून राहिलो, कारण शेजारच्या बाईचे डोळे भरले होते. मग सामन्याच्या तिसऱ्या आणि शेवटच्या भागात व्हँकूव्हरनं दोन मारले, 3-2, आणि उरलेली मिनिटं मी गुडघे घट्ट धरून काढली. जिंकलो. बाहेर पडताना कुणी वावगं बोललं नाही. एका पोरानं "गुड लक" म्हटलं, तेही दात-ओठ खात. तरीही परक्या गावात सामना संपल्यावर जर्सीवर जाकीट चढवून चालू पडणं शहाणपणाचं. सात सामन्यांचा राग कुणाच्या तरी पोटात असतोच.

तिसरी फेरी, डॅलसशी, मी बाहेरून पाहिली. तिथला सहावा सामना लक्षात ठेवावा असा: ऑइलर्सनी अख्ख्या सामन्यात गोलवर फक्त दहा फटके मारले, डॅलसनी 35, आणि निकाल 2-1 एडमंटनकडं. स्किनरनं एकट्यानं खिंड लढवली. 2006 नंतर पहिल्यांदा अंतिम फेरी. शेवटचा कप 1990 चा, आणि कॅनडातल्या कुठल्याही संघाचा शेवटचा कप 1993 चा, माँट्रियलचा. त्यामुळं गावात काय झालं असेल ते समजा. सायकलवाले हॉर्न वाजवत होते. सायकलला हॉर्न कुठून आले, देव जाणे.

अंतिम फेरी फ्लोरिडा पँथर्सशी. फ्लोरिडाला जावं का? कॅनडाचं पीआर, म्हणजे कायम रहिवासाचं, कार्ड खिशात असलं तरी भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा लागतोच. ज्यांचा नाही त्यांनी जूनमध्ये मनात आणून काही होत नाही, त्याची तयारी आधीच्या वर्षी करावी लागते. टोरोंटोचा एक मित्र जाऊन आला, त्याचा सांगावा असा: अरीना मायामीत नाही, सनराइज नावाच्या गावात आहे, एव्हर्ग्लेड्सच्या दलदलीच्या काठाला, मोठ्या मॉलसमोर. विमान फोर्ट लॉडरडेलचं घ्यावं आणि गाडी भाड्यानं घ्यावी, दुसरा धड मार्ग नाही. आणि अंगावर प्लास्टिकचा उंदीर पडला तर दचकू नये. 1995 साली स्कॉट मेलनबी या खेळाडूनं ड्रेसिंग रूममध्ये शिरलेला उंदीर काठीनं मारला आणि त्याच रात्री दोन गोल केले. तेव्हापासून तिथले लोक विजयानंतर उंदीर फेकतात.

पहिले दोन सामने तिथं हरलो, 3-0 आणि 4-1. तिसरा एडमंटनला, गुरुवारी 13 जूनला, 4-3. तीनही गेले. त्या रात्री आण्णाच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघं न बोलता पिठलं-भात खात होतो. मी सवयीनं फोन उघडला आणि पाहिलं, शनिवारच्या चौथ्या सामन्याची पुनर्विक्रीची तिकिटं घसरत होती. मातम बघायला पैसे कोण देणार? आठवडाभर मी ज्या आकड्याकडं नुसता बघत होतो, त्याच्या निम्म्याच्या जवळ एक जागा आली. घेतली. "अंत्ययात्रेचं तिकीट काढतोयस," आण्णा म्हणाला.

15 जूनला आमच्या यानमार्कनं एक माणूस कमी असताना पहिला गोल मारला आणि मग थांबलंच नाही. 8-1. आठवा गोल झाला तेव्हा माझा आवाज गेला होता आणि मी नुसतं तोंड उघडत होतो. तेव्हा हे लिहून ठेवा: सगळे हताश असतात तो तिकीट घ्यायचा मुहूर्त. त्याच्या उलट, 18 तारखेला तिकडं 5-3 जिंकल्यावर सहाव्या सामन्याचे दर असे उडाले, की तेवढ्यात मी आई-बाबांना इकडं बोलावून परत पाठवलं असतं.

म्हणून सहावा आणि सातवा सामना मी बाहेर, मॉस पिटमध्ये पाहिला. अरीनाजवळ मोठा पडदा लावून लोक जमतात ती ही जागा. जोई मॉस हे ऑइलर्सच्या ड्रेसिंग रूममध्ये अनेक वर्षं काम करणारे गृहस्थ, डाउन सिंड्रोम असलेले, सामन्याआधी सगळ्यांत मोठ्यानं राष्ट्रगीत म्हणणारे. 2020 मध्ये ते गेले, त्यांचं नाव या जागेला आहे. तिकीट लागलं नाही, पण जागा भरली की दार बंद होतं. सामना संध्याकाळी सहाला असेल तर तीनला रांगेत उभे राहा. टोपी, पाणी, उन्हाचं मलम हवंच. एडमंटनला जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य दहाच्या पुढं मावळतो, त्यामुळं अख्खा सामना उन्हात होतो आणि पडदा दुपारी नीट दिसत नाही. पश्चिमेकडं पाठ येईल अशी जागा धरा, नाहीतर पहिला भाग डोळ्यांवर हात धरून बघावा लागतो. शौचालयाची रांग दोन भागांच्या मधल्या विश्रांतीत फार लांब असते. खेळ चालू असताना जा आणि गोल चुकला तर नशिबाला बोल लावा. माझा आमच्या फोगेलचा गोल तसाच गेला.

21 तारखेला 5-1. तीन-शून्यवरून तीन-तीन. अंतिम फेरीत तसं मागं पडून कप जिंकलेला संघ एकच, 1942 चा टोरोंटो. शेजारी उभ्या फिलिपिनो काकांनी मला मिठी मारली. त्यांचं नाव मी विचारलंच नाही.

सातवा सामना सोमवारी 24 जूनला. व्हर्हेगीनं त्यांचा पहिला, यानमार्कनं आमची बरोबरी, राइनहार्टनं दुसऱ्या भागात त्यांचा दुसरा. 2-1. शेवटची सात-आठ मिनिटं एवढ्या मोठ्या गर्दीत कुणी बोललं नाही. मॅकडेव्हिडला प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू ठरवलं, गोल आणि पास मिळून 42 गुण, त्यात 34 पास, ऑइलर्सचाच जुना दिग्गज ग्रेट्स्की याचा पासांचा विक्रम मोडलेले. हरलेल्या संघातल्या माणसाला तो मान क्वचित मिळतो. तो घ्यायला तो बर्फावर आला नाही. बरं केलं.

त्या रात्रीच निघू नका, हा शेवटचा सल्ला, जो मी पाळला नाही. मंगळवारी सकाळी मीटिंग होती. आण्णानं डब्यात दशम्या बांधून दिल्या. हायवे 2 वर पुढं-मागं छोटे झेंडे लावलेल्या गाड्या होत्या, आणि कुणीच ओव्हरटेक करत नव्हतं. मध्यरात्रीच्या सुमारास रेड डिअरला पेट्रोलसाठी थांबलो. काउंटरवरच्या पोराच्या डोक्यावर कॅल्गरी फ्लेम्सची टोपी. त्यानं माझी जर्सी पाहिली, दाढी पाहिली, कॉफीकडं पाहिलं. मी टोमणा झेलायला तयार होतो.

"पावती हवी का?" एवढंच विचारलं त्यानं.