‘विश यू वर हिअर’ आणि रिचर्ड राइटचा भरणा

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘विश यू वर हिअर’ या अल्बमचा विषय निघाला की चाहते हटकून दोन गोष्टींवर येतात: डेव्हिड गिल्मरच्या गिटारमधून उमटणारे ते चार स्वर आणि रॉजर वॉटर्सचे शब्द. मीही कितीतरी वर्षे हेच करत आलो. अलीकडे मात्र हा अल्बम हेडफोन लावून सलग ऐकताना माझे कान गिटार सोडून तिच्या मागे पसरलेल्या सुरांकडे वळू लागले आणि हळूहळू माझे असे ठाम मत झाले, की सगळा अल्बम तोलून धरला आहे तो रिचर्ड राइटच्या कीबोर्डने. गाणाऱ्याने श्वास घेतला की हार्मोनियमवाला जी पोकळी सुरांनी भरून काढतो, त्याला साथीच्या भाषेत भरणा म्हणतात. इथे मात्र गाणाराच निघून गेलेला आहे आणि राइटला भरणा करायचा आहे तो त्याच्या रिकाम्या जागेत.

निघून गेलेला म्हणजे सिड बॅरेट. बँडच्या सुरुवातीच्या काळातला हा गायक, गिटारवादक आणि मुख्य गीतकार मानसिक स्वास्थ्य ढासळल्यामुळे १९६८ साली बँडपासून दूर झाला. १९७३ मध्ये ‘द डार्क साइड ऑफ द मून’ने अफाट यश मिळवून दिल्यानंतर, जानेवारी १९७५ मध्ये बँडमधले उरलेले चौघे लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत पुन्हा जमले, तेव्हा ते थकलेले होते आणि एकमेकांपासून मनाने दुरावलेलेही होते. हाताशी तीन लांबलचक गाणी तयार होती. त्यातले सिडवरचे ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’ तेवढे ठेवावे, ते मधोमध कापून दोन टोकांना लावावे आणि उरलेल्या जागेत नवी गाणी करावीत, असे वॉटर्सने सुचवले. गिल्मरला ते पसंत नव्हते, पण मत तीन विरुद्ध एक असे पडले. (बाजूला ठेवलेली दोन गाणी पुढे नावे बदलून १९७७ च्या ‘ॲनिमल्स’मध्ये आली, त्यामुळे नुकसान कोणाचेच झाले नाही.) अशा रीतीने जेमतेम ४४ मिनिटांचा, पाच तुकड्यांचा हा अल्बम सप्टेंबर १९७५ मध्ये बाहेर पडला.

सुरुवातीची चार मिनिटे मी किती वेळा ऐकली असतील याचा हिशेब नाही. काहीच नसल्यातून एक सूर हळूहळू वर येतो. त्यात काचेच्या पेल्यांच्या काठावरून बोट फिरवून काढलेला आवाजही मिसळलेला आहे. घरगुती वस्तूंच्या आवाजांतून अख्खा अल्बम करण्याचा एक प्रयोग बँडने आधी हाती घेऊन सोडून दिला होता, त्यातले हे शिल्लक धन. त्या स्थिर सुरावर राइट सिंथेसायझरवर एकेक वाक्य ठेवतो, थांबतो, पुन्हा ठेवतो. ढोल-झांजा नाहीत, शब्द नाहीत, घाई तर अजिबात नाही. पुढे गिल्मर येतो तोही या पसरलेल्या पटावरच, आणि ते प्रसिद्ध चार स्वर इतके एकाकी वाटतात ते आधी राइटने त्यांच्यासाठी एवढी जागा मोकळी करून ठेवली आहे म्हणून. गाण्याचा पहिला शब्द कानी पडेपर्यंत आठ मिनिटे उलटून गेलेली असतात.

मधल्या तीन गाण्यांपैकी ‘वेलकम टू द मशीन’मध्ये सिंथेसायझरची धडधड यंत्राच्या नाडीसारखी चालू राहते आणि तिच्यावर राइटचे सूर थंडगार धुक्यासारखे पसरतात. ‘हॅव अ सिगार’ ही संगीताच्या धंद्यावरची टीका माझ्या मते या अल्बममधली सर्वांत कमी टिकाऊ गोष्ट आहे, कारण तिचा उपरोध दुसऱ्या ऐकण्यातच संपतो. ते गाणे रॉय हार्पर या बँडबाहेरच्या गायकाने गायले आहे. तो त्याच इमारतीत स्वतःचे ध्वनिमुद्रण करत होता आणि वॉटर्सचा आवाज बसला होता. पण गाण्याचा शेवट मात्र विलक्षण आहे: भरभरून वाजणारा बँड अचानक एखाद्या लहानशा रेडिओत शोषला जातो, कोणीतरी स्टेशन बदलत राहते, चायकोव्हस्कीच्या चौथ्या सिंफनीचा एक तुकडा निसटून जातो आणि खरखरीतून बारा तारांची गिटार ऐकू येते. मग जणू खोलीत बसलेला कोणी मुलगा त्या रेडिओबरोबर आपली गिटार वाजवू लागतो. शीर्षकगीताची ही सुरुवात आता सगळ्यांना पाठ आहे. तिथे राइटचा पियानो किती उशिरा आणि किती अलगद येतो, इकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

ध्वनिमुद्रण चालू असताना, जून १९७५ मध्ये, एक स्थूल माणूस स्टुडिओत येऊन बसला. डोक्यावरचे केस आणि भुवया साफ काढलेल्या. बराच वेळ कोणी त्याला ओळखले नाही. तो सिड होता. ही हकिगत इतक्यांदा सांगितली गेली आहे की तिला दंतकथेची कळा आली आहे. मला त्यातले एवढेच महत्त्वाचे वाटते, की ज्याच्या नसण्यावर गाणे रचले होते तो समोर आला तेव्हाही तो तिथे नव्हताच.

हस्तांदोलन करणाऱ्या दोघांपैकी एक जण पेटलेला आहे, असे स्टॉर्म थॉर्गर्सनच्या हिप्नॉसिस या डिझाइन संस्थेने केलेले मूळ आवरण आणि ते चित्रच झाकून टाकणारे गडद प्लास्टिकचे वेष्टन यांवर एवढे लिहिले गेले आहे की मी भर घालत नाही.

मला थांबायचे आहे ते नऊ भागांत रचलेल्या ‘शाइन ऑन’च्या शेवटच्या, नवव्या भागापाशी. आठव्या भागातला उड्या मारणारा ठेका विरून जातो आणि अंत्ययात्रेच्या संथ पावलांनी एक रचना सुरू होते. ‘शाइन ऑन’चा हा एकच भाग संपूर्णपणे राइटच्या एकट्याच्या नावावर आहे. वॉटर्सला शब्दांत जे सांगायचे होते ते सांगून झालेले आहे, गिल्मरही मागे सरला आहे. निक मेसनचे ड्रम जेवढ्यास तेवढे चालतात आणि वर फक्त कीबोर्ड. ‘जी मायनर’मध्ये सुरू झालेला हा सारा प्रवास अखेरीस ‘जी मेजर’वर उतरतो. एका स्वराचाच तो फरक, पण खोलीतला प्रकाश बदलल्यासारखे वाटते. आणि अगदी विरता विरता राइट सिंथेसायझरवर एक ओळखीची ओळ वाजवून जातो. ती आहे ‘सी एमिली प्ले’ची, सिडने लिहिलेल्या १९६७ मधल्या गाण्याची. तोवर आवाज इतका खाली गेलेला असतो, की पहिली काही वर्षे ती ओळ मला कळलीच नव्हती. आता शेवटचे अर्धे मिनिट उरले की माझा हात आपोआप आवाज वाढवायला जातो.