सावोस आरेनची चावी

मंगळवार, रात्री

कॉम्प्युटरवरच्या खेळातलं लॅबिरिंथियन, म्हणजे एक जुने अवशेष, संपलं. तिथला राक्षस मोरोकेई पडला, मॅग्नसची जादूची काठी हातात आली आणि बाहेर निघायच्या वाटेवर सावोस आरेनची ती छाया एकटीच उभी दिसली. माफी मागत होती. हाच एक मार्ग होता, दुसरा इलाज नव्हता, असं काहीतरी. ज्यांची माफी मागत होती त्या दोघांना मी नुकतीच मारून आले होते.

वहिनी ही रोजनिशी वाचते आणि तिला यातलं ओ की ठो माहीत नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. तिचाच पोरगा पुण्याला इंजिनिअरिंगला गेला आणि जाताना आपला जुना कॉम्प्युटर माझ्या खोलीत टाकून गेला. त्यात स्कायरिम होता. बेथेस्डा कंपनीचा, 2011 च्या नोव्हेंबरात आलेला, म्हणजे आता म्हाताराच म्हणायचा. "आत्या, एकदा उघडून बघ, नाद खुळा आहे," म्हणाला होता. उघडला. आता संध्याकाळी बँकिंगचे आकडे डोक्यातून काढायला मला दुसरं काही लागत नाही.

तर या खेळात उत्तरेच्या टोकाला विंटरहोल्ड नावाचं गाव आहे. गाव कसलं, चार घरं. खेळातल्या कालगणनेनुसार चौथ्या युगाच्या 122 साली बहुतेक सगळं गाव समुद्रात कोसळलं आणि आपण तिथं पोचतो ते 201 साली. गाव गेलं, पण कड्यावरचं जादूगारांचं कॉलेज जसंच्या तसं राहिलं. त्यामुळे गावातले लोक आजही म्हणतात, हे यांनीच केलं. कॉलेजवाले म्हणतात, आमचा काही संबंध नाही. (पूर ओसरला की आपल्याकडे अलमट्टी धरणावरून जे सुरू होतं ते आठवलं. पाणी उतरतं, दुसऱ्याकडे रोखलेलं बोट उतरत नाही.)

या कॉलेजचा प्रमुख सावोस आरेन. डार्क एल्फ, वयस्कर, बोलायला मऊ. पहिल्या भेटीत मला तो आवडला होता. आरडाओरडा नाही, मोठेपणा नाही. फक्त तो कधी काही करताना दिसत नाही. नव्या मुलांना कॉलेज दाखवते ती मिराबेल, रोजचा कारभार मिराबेलकडे, शिकवायला टोल्फदिर, पुस्तकं सांभाळायला उराग. सावोस आपल्या खोलीत. खोली मात्र बघण्यासारखी आहे, मध्यभागी चक्क बाग, औषधी झाडं लावलेली.

असे साहेब आपण पाहिलेले असतात. त्यांना आपण 'सज्जन' म्हणतो. कारण त्यांनी कधी आपल्याला अडवलेलं नसतं.

बुधवार

पावसाचा जोर आहे. राजाराम बंधाऱ्यावर पाणी इशारा पातळीकडे निघालंय. 39 फुटांना इशारा, 43 ला धोका, हे आकडे आता कोल्हापुरात पोरंसुद्धा पाढ्यासारखे म्हणतात. पतसंस्थेच्या शाखेत आज दिवसभर खालच्या कपाटांतलं दप्तर वर चढवलं. 2019 पासून हे आमचं ठरलेलं काम. घरी आले, चहा घेतला आणि पुन्हा सावोस डोक्यात.

लॅबिरिंथियनमध्ये काय होतं ते नीट लिहून ठेवते, नाहीतर विसरेन.

सारथाल नावाच्या जुन्या अवशेषांत मॅग्नसचा डोळा सापडतो, एक प्रचंड चमकता गोळा. कॉलेजमध्ये थालमोरांचा, म्हणजे एल्फांच्या परक्या सत्तेचा, एक माणूस 'सल्लागार' म्हणून बसलेला असतो, आंकानो. तो त्या डोळ्याची ताकद घशात घालायला बघतो. त्याला थांबवायला सावोस आणि मिराबेल जातात, स्फोट होतो, सावोस मरतो. त्या डोळ्याला आवरायला मॅग्नसची काठी लागते आणि ती लॅबिरिंथियनमध्ये. मग मिराबेल एक कडं हातात देते. सावोसने तिला दिलेलं. लॅबिरिंथियनचं दार उघडायचं ते कडं. त्याने तिला एवढंच सांगितलेलं असतं की वेळ आली की तुला कळेल.

आत गेलं की छाया दिसायला लागतात. सहा तरुण जादूगार. सावोस त्यांतला एक. बाकीची नावं अत्माह, एल्वाली, गिर्दुइन, हाफनार आणि टेक्स-इन-लाइट. काहीतरी मोठं मिळेल म्हणून आलेली पोरं, उत्साहात. पुढच्या दालनात बघावं तर एक कमी. त्याच्या पुढे आणखी कमी. मागे राहिलेल्यासाठी परत फिरायचं की नाही यावर वाद. शेवटी तीन उरतात, सावोस, अत्माह आणि हाफनार. आणि सगळ्यात शेवटी, मी काल पाहिली ती, एकटा सावोस.

आत आणखी एक गोष्ट होते. मोरोकेई नावाचा जो ड्रॅगनचा पुजारी खाली कोंडलेला आहे, तो वाटेत आपल्याशी बोलतो. आधी ड्रॅगनांच्या भाषेत, मग आपल्याला कळेल अशा. आणि बोलता बोलता आपली जादूची ताकद शोषून घेतो. आधी त्याला वाटतं, आरेनच परत आला. मग ओळखतो, हा तो नव्हे. विचारतो, त्याने स्वतःच्या जागी तुला पाठवलंय काय?

राक्षसाने विचारलेला प्रश्न, पण बिनतोड. मी खेळ थांबवून पाणी प्यायले.

खालच्या दालनात मोरोकेई एका कवचात अडकलेला असतो आणि दोन बाजूंना दोन भुतं हात पसरून ते कवच धरून उभी असतात. त्यांना मारल्याशिवाय कवच जात नाही आणि कवच गेल्याशिवाय काठी मिळत नाही. त्यांच्या डोक्यावर नाव येतं ते फक्त 'वश केलेला जादूगार' एवढंच. खरी नावं खेळ लिहीत नाही. ती आपण हिशेबाने लावायची. सहा आत गेले. तिघे शेवटपर्यंत पोचले. बाहेर एक आला. बाकी दोन.

म्हणजे सावोसने आपल्याच दोन मित्रांना तिथं जुंपून दार लावलं. जमा-खर्च जुळतो. म्हणूनच अंगावर काटा आला.

गुरुवार, पहाटे (झोप नाही)

पोराला मेसेज केला होता. रात्री बाराला त्याचा फोन. "आत्या, झोपलीस का खेळालीयस?"

म्हटलं, खेळालोय. तुझा तो सावोस हलकट आहे.

त्याचं म्हणणं वेगळं. "अगं, त्याच्याकडे पर्याय काय होता? तिघंही मेले असते आणि मोरोकेई बाहेर आला असता. दोघांत भागलं. ट्रॉली प्रॉब्लेम." थोड्यांचा जीव देऊन बाकीच्यांना वाचवायचं का, हे कोडं त्यांना कॉलेजात शिकवतात वाटतं.

मी म्हटलं, ते मी सोडून देते. आतल्या त्या क्षणाचा न्याय मी करत नाही. ड्रॅगनच्या पुजाऱ्यासमोर उभं राहून कुणाचं डोकं कसं चालेल, मला काय माहीत. दोघांनी हो म्हटलं होतं की त्यांना न विचारता केलं, 'वश केलेला' या शब्दावरून मला वाटतं न विचारताच, पण तेही सोडते. माझा प्रश्न त्याच्या नंतरचा आहे.

त्याने चावी स्वतःकडे ठेवली.

जगाला वाचवायचं म्हणून दार बंद केलं, तर कडं समुद्रात टाकायचं. विंटरहोल्डला समुद्राची काय कमी? उलट, परत यायचं असेल, मित्रांना सोडवायचं असेल म्हणून ठेवलं, तर परत जायचं. दोन्हीपैकी काहीच नाही. कडं जवळ, तोंड बंद आणि वर कॉलेजचं सगळ्यात मोठं पद.

आमच्या पतसंस्थेत तिजोरीला दोन चाव्या आहेत. एक मॅनेजरकडे, एक कॅशियर म्हणून माझ्याकडे. एकाच्या चावीने ती उघडत नाही. रजेवर जायचं झालं की चार्ज द्यायचा, रजिस्टरला नोंद, दोघांच्या सह्या, आत काय आहे त्याची मोजदाद. हे नियम माणसं चोर असतात म्हणून केलेले नाहीत. एकटा माणूस बंद कपाटासमोर उभा राहिला की त्याला स्वतःबद्दल फार चांगलं वाटायला लागतं, आपणच सगळ्यांना सांभाळतोय असं, म्हणून केलेत. सावोसने मिराबेलला कडं दिलं, म्हणजे चार्ज दिला. पण आत काय आहे ते सांगितलं नाही. असा चार्ज मी घेतला नसता.

पोरगा म्हणाला, "सांगितलं असतं तर? जादूगारच ते. दुसऱ्या दिवशी वीस पोरं लॅबिरिंथियनच्या दारात उभी राहिली असती. हे सहा नाही का गेले?"

हे मात्र खरं आहे. यावर मला पटकन उत्तर सुचलं नाही. फोन ठेवल्यावर सुचलं, म्हणून आत्ता लिहितेय. पोरांना सांगायचं नव्हतं, कबूल. मिराबेलला? टोल्फदिरला? त्या कॉलेजात त्या देशातली सगळ्यात शहाणी डोकी बसलेली, उरागच्या ताब्यात अख्खं ग्रंथालय. त्या दोन जिवांना सोडवून मोरोकेईला दुसऱ्या कशाने डांबता येईल का, एवढा एक प्रश्न त्याने कुणाला विचारल्याचं दिसत नाही. कारण विचारायचं तर आधी सांगावं लागलं असतं, की ते दोघं तिथं का आहेत.

माझा संशय असा, की पहिल्या दिवशी त्याचा हेतू चांगला असेलही. पण हेतू तिथल्या तिथं थिजून राहत नाही. 'जगासाठी गप्प बसलो' याचं 'कॉलेजच्या नावासाठी गप्प बसलो' होतं आणि मग 'आता इतक्या वर्षांनी कशाला'. तो कुठल्या पायरीवर होता ते त्यालाही सांगता आलं नसतं.

आंकानोचंही मला यातच उत्तर दिसतं. हा माझा अंदाज, खेळात असं कुणी म्हणत नाही. थालमोरांचा माणूस हेरगिरीला आलाय हे शेंबड्या पोराला कळतं. कॉलेजात कुणालाच तो नको असतो. आणि प्रमुख त्याला ठेवून घेतो, सबुरीने. ज्याच्या कपाटात काहीतरी असतं तो तपासायला आलेल्याशी भांडत नाही. त्याला चहा मागवतो.

शनिवार

शाखा अर्ध्या दिवसाने सुटली. पाणी स्थिर आहे म्हणे. दुपारभर बसून कॉलेजचं उरलेलं प्रकरण संपवलं. लॅबिरिंथियनच्या बाहेर पडतानाच आंकानोचा माणूस आडवा आला होता, त्याला निकाली काढलेलं. काठीने डोळ्याची ताकद आवरली, आंकानो गेला. सायजिक नावाची जादूगार मंडळी आली आणि तो डोळाच घेऊन गेली, तुम्ही अजून याच्या लायक नाही म्हणत. मिराबेलही वाचली नाही. याचं मला सावोसपेक्षा जास्त वाईट वाटलं. त्या बाईने सगळं कॉलेज चालवलं आणि मेली ती दुसऱ्याच्या गुपिताचा निरोप पोचवून.

आणि मग टोल्फदिरने मला आर्चमेज, म्हणजे सावोसच्या जागी कॉलेजची प्रमुख, केलं. मला! साधे दोन-चार मंत्र सोडले तर मी सगळा खेळ तलवारीने खेळलेय. झगा दिला आणि त्या बागेच्या खोलीची चावी दिली.

मी टोल्फदिरसमोर उभी राहून सगळे पर्याय वाचून काढले. लॅबिरिंथियनमध्ये काय पाहिलं ते सांगायचा पर्याय मला एकही दिसला नाही. अत्माह आणि हाफनारचं काय झालं हे त्या कॉलेजात आता फक्त मला माहीत आणि मला तोंड उघडायची सोयच नाही. खेळ बनवणाऱ्यांनी हे मुद्दाम केलं की त्यांच्या लक्षातच आलं नाही, कोण जाणे. मुद्दाम केलं असेल तर त्यांना नमस्कार.

रागाने मी दुसरं काम काढलं. कॉलेजात फिनिस नावाचा शिक्षक आहे, तो पूर्वी एकदा म्हणाला होता की चार शिकाऊ मुलं बेपत्ता आहेत. यिस्रा, रुंदी, बोर्विर, इलास-तेई. विचारलं तरच सांगतो, आणि तेही कसं? 'जाता जाता दिसली तर बघा' असं. चार मुलं! सावोसच्या काळात गेलेली, आणि कुणी शोधायला बाहेर पडलेलं नाही. यिस्रा समुद्रकिनाऱ्यावर सापडली, अग्नीच्या मंत्राने स्वतःच जळालेली. शेजारी मंत्राचं पुस्तक. बाकी तिघांचंही काही चांगलं झालेलं नव्हतं. एकेकाची वस्तू घेऊन फिनिसकडे गेले. त्याने हळहळ व्यक्त केली. मला बक्षीस दिलं. पुढच्या तासाला आपला वर्गात.

संध्याकाळी पोराला सगळं सांगितलं. तो हसला. "आत्या, तू आता कॉलेजचं ऑडिट करालीयस."

म्हटलं, मग काय करू? आर्चमेजला दुसरं कामच नाही तिथं.

"रिफ्टनला जा. चोरांच्या टोळीत भरती हो."

"मी? कॅशियर बाई?"

"व्हय की. तुला आवडेल. त्यांच्या तिजोरीला दोन चाव्या आहेत."

मला खरं वाटेना. तो म्हणाला, शपथ, दोन माणसांनी दोन चाव्या लावल्याशिवाय उघडत नाही. म्हटलं, चला, चोरांना तरी अक्कल आहे. यावर तो जरा जास्तच वेळ गप्प बसला, म्हणून मी विचारलं, मग ती तिजोरी शाबूत आहे ना?

"खेळ की," म्हणाला. "सगळं मीच सांगू काय?"