दोन मार्कांचा धोतरा

गेल्या सोमवारी प्रॅक्टिकलच्या आधी आमच्या प्रोफेसरांनी फळ्यावर लिहिलं, ‘गुहा आणि महेश्वरी, दिल्ली विद्यापीठ, १९६४’, आणि माझ्याकडे पाहून हसले. वर्गात भारतीय मी एकटीच. छाती फुगलीच! धोतऱ्याच्या परागकोशातून थेट भ्रूण वाढवून दाखवणारी ही पहिली जोडी. पुढे तपासल्यावर ही रोपं परागकणांपासूनच आलेली निघाली, म्हणजे २४ ऐवजी १२ गुणसूत्रांची. ती संख्या कोल्चिसिन या रसायनाने दुप्पट केली की एका फटक्यात शुद्ध वाण. एरवी त्यासाठी सहा-सात पिढ्या स्वपरागण करत बसा.

मग त्यांनी विचारलं, “तू किती वेळा केलंयस हे?”

एकदाही नाही. मला ते पाठ होतं. ‘टीपा लिहा’मध्ये यायचं, दोन मार्कांना.

लगेच आपल्या शिक्षणाला नावं ठेवू नका हं. आम्ही वर्गात साठ-सत्तर जण. लॅमिनार (जंतुविरहित हवेत काम करायचं कपाट) एकच, तोही प्लॅस्टिकच्या आवरणाखाली, कमिटी आली की उघडायचा. इथे बारा मुलांना सहा. इतकी सामग्री असती तर आम्हीही दिवे लावले असते. (लावले असते का? असो.)

पण खरं सांगायचं तर मला चक्रावून टाकलं ते सामग्रीने नाही. चाळीस वर्षं वनस्पतींवर संशोधन केलेला हा माणूस पहिल्या वर्षाचं प्रॅक्टिकल स्वतः घेतो. आणि भयंकर छळतो. धोतऱ्याच्या कळीत पाच परागकोश. त्यातला एक ऍसिटोकार्मिन या रंगात चिरडून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. परागकणांचं वय बरोबर असेल तरच उरलेले चार पोषक माध्यमावर. नसेल तर कळी फेकायची, दुसरी घ्यायची. परागकोशाला तंतूचा, म्हणजे त्याच्या देठाचा, तुकडा चिकटलेला दिसला की सगळं पुन्हा, कारण मग तंतूच्याच पेशींचा कॅलस, म्हणजे नुसता गोळा, वाढतो, २४ गुणसूत्रांचा, आणि आपण उगाच खूश होतो. माझ्या नऊ कळ्या त्यांनी फेकायला लावल्या. नऊ! वर अठरा वर्षांच्या पोरांसमोर. मी पीएचडीला आहे हो, असं ओठांवर आलं होतं.

रात्री घरी आल्यावर आमच्या मॅडम आठवल्या. त्या हे सगळं फळ्यावर खडूने काढायच्या, पाचही परागकोश, तंतू तुटक रेषेने. तो का काढून टाकायचा हेही त्यांनी सांगितलं होतं. मीच लिहून घेतलं नव्हतं, परीक्षेला येत नव्हतं म्हणून.

काल पेट्रीडिश पाहिल्या. माझ्या दहापैकी सहांवर बुरशी. तोंड पाडून प्रोफेसरांकडे गेले, तर त्यांनी स्वतःचा ट्रे पुढे सरकवला. दहापैकी सात.

“कळ्या उद्या सकाळी तोडू,” म्हणाले, “आठला ये.”

साडेसातलाच जाणार आहे.