मन लागत नाही तेव्हा

नोव्हेंबर संपता संपता गोव्यात भाविक होणं फार सोपं असतं. २४ तारखेपासून जुन्या गोव्यात नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, मग ३ डिसेंबरला सायबाचं फेस्त, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियर यांचा सण. अंधार असतानाच लोक चालत निघतात, मांडवात एका सुरात गाणं सुरू होतं आणि छाती भरून येते. आपली श्रद्धा आता डोंगरसुद्धा हलवील, असं वाटतं. पाठोपाठ नाताळ: गोठा, नक्षत्रं, दोदोल, नेवऱ्या.

आणि मग जानेवारी. पाहुणे गेलेले, नक्षत्राचा कागद फाटलेला, आणि जपमाळेचे मणी बोटांतून नुसते सरकताहेत.

भरून येण्याशी माझं भांडण नाही, पण त्याच्यावर विसंबायला मी तयार नाही. झोप झाली, पगार वेळेवर आला की देव जवळचा वाटतो; अ‍ॅसिडिटी झाली की लांब जातो. देवाचा पत्ता माझ्या पोटावरून ठरणार असेल तर कठीणच आहे!

आपले सायब १५४२ मध्ये गोव्यात उतरले. त्यांचे सोबती संत इग्नेशियस लोयोला यांनी मनाच्या या भरती-ओहोटीसाठी चक्क नियम लिहून ठेवलेत. मन कोरडं पडलं असताना आधीचा निश्चय बदलू नये, हा त्यातला एक. दुसरा जास्त व्यवहारी आहे: मन भरलेलं असतानाच पुढच्या कोरड्या दिवसांसाठी बळ साठवून ठेवावं. म्हणजे पावसाआधी सुकी मासळी, कोकम, मिरच्या भरून ठेवतात तसं हे मनाचं पुरुमेंत.

अगदीच वाईट संध्याकाळी मी ८८वं स्तोत्र काढते. गाऱ्हाण्यांची बहुतेक स्तोत्रं शेवटी कशीबशी स्तुतीवर येतात. हे येत नाही, काळोखातच संपतं. तरी बायबलमधून ते कुणी गाळलं नाही. शिवाय एवढी तक्रार चाललीय ती देवाकडेच! मी मूळची नगरकडची, कुरकुर मराठीतूनच करते. फादर थॉमस स्टीफन्स यांचं मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये आमच्या मडगावपासून जवळच, रायतूरला छापलं गेलं. तेव्हा या भागात देवाला मराठी नवखी नसावी.

आमच्या वाड्यावरच्या खुरसाजवळ, म्हणजे क्रुसाजवळ, मे महिन्यात लादाईन होते, म्हणजे सगळ्यांनी मिळून गायची प्रार्थना. खुरीस चुन्यानं रंगवलेला, त्यावर झेंडूची माळ, वाऱ्यानं सारख्या विझणाऱ्या मेणबत्त्या. व्हायोलिनवाला तारा पिळत बसतो. लॅटिनमधलं फारसं कुणाला कळत नाही, पण ‘ओरा प्रो नोबिस’ (आमच्यासाठी विनंती कर) सगळे ठोकून म्हणतात. एखादा जांभई देतो, पोरं डास मारतात. संपलं की उकडलेले चणे आणि मोठ्यांना घोटभर फेणी. तुला आतून काही जाणवलं का, असं कुणी कुणाला विचारत नाही. मला हे फार आवडतं.

एकदा मी शेजारच्या आंटीला म्हटलं, “आंटी, हल्ली प्रार्थनेत मनच लागत नाही हो.” ती तेर्साला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला, बसायच्या घाईत होती. म्हणाली, “मन लागना जाल्यार तोंड तरी लाव!” आणि मला हाताला धरून बसवलं. मन त्या दिवशीही लागलं नाही. तेर्स मात्र पुरा झाला.

यंदा लादाईनीच्या चण्यांची पाळी आमच्याकडे आहे. मीठ बेतानं घाल, खोबऱ्याचे तुकडे विसरू नकोस, असं आंटी आत्ताच बजावून गेलीय.